पहिल्या पायरीचा हिशेब

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. हातातल्या फोनवरची नजर न काढता त्याने मला विचारले, "आबा, अमेरिकेत एक गाणं सलग एकोणीस आठवडे एक नंबरवर होतं. तुमच्या त्या बिनाका गीतमालेत असा रेकॉर्ड कुणाचा?"

प्रश्न सोपा होता आणि उत्तर मला यायला हवे होते. बुधवारची रात्र आणि रेडिओ सिलोन यांवर ज्यांचे बालपण पोसले, त्यांच्यापैकी मी एक. कोणत्या साली कोणते गाणे वर्षाचे अव्वल ठरले, हे मी आजही झोपेतून उठवले तरी सांगेन. पण कोणते गाणे सर्वांत जास्त आठवडे पहिल्या पायरीवर राहिले, हे काही मला सांगता येईना. माळ्यावरून जुनी वही काढून बसलो. वही चाळता चाळता लक्षात आले की दोष माझ्या स्मरणशक्तीचा नाही. गीतमालेचा एक नियमच असा होता की तसल्या विक्रमाला फारशी जागा उरत नव्हती. त्या नियमाची, आणि एकूणच पहिला क्रमांक ठरवणाऱ्या नियमांची गोष्ट आज सांगायची आहे. या गोष्टीचा पहिला धागा आमच्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या एका गावाशी जाऊन पोहोचतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या धोरणामुळे ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. लोकांच्या आवडीला मात्र असा मंत्र्यांचा हुकूम लागू होत नाही. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी कोलंबोला मोठे शक्तिशाली प्रक्षेपक उभारले होते. युद्ध संपले आणि ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. लघुलहरींवरचा तो आवाज समुद्र ओलांडून थेट आमच्या श्रीरामपूरपर्यंत येई. मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून ती गाणी पुन्हा भारतात ऐकू यायची. आपल्याच देशातली गाणी ऐकायला असा लांबचा वळसा घ्यावा लागत होता.

३ डिसेंबर १९५२ रोजी बिनाका गीतमालेचा पहिला कार्यक्रम झाला. निवेदक होते विशीत नुकतेच येऊ घातलेले अमीन सयानी. आठवड्याला पंचवीस रुपये मिळायचे, आणि त्यात लिहिणे, बोलणे, कार्यक्रम बांधणे आणि आलेली पत्रे तपासणे हे सगळे करायचे, असे ते पुढे सांगत. आता लक्षात घ्या, सुरुवातीला ही गीतमाला म्हणजे लोकप्रियतेची उतरंड नव्हती. ती होती एक स्पर्धा. अर्ध्या तासात सात गाणी वाजायची. श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्राने पाठवायचा. बक्षीस शंभर रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, आणि बघता बघता हा आकडा आठवड्याला साठ-पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे तपासायची कुणी आणि कशी? शेवटी ती स्पर्धा बंद करून १९५४ पासून तिची हिट परेड करण्यात आली. सोळा गाणी, सोळा 'पायदान', आणि शेवटी चोटीचे गाणे. म्हणजे ज्या उतरंडीवर आपण पुढे चाळीस वर्षे वाद घातले, तिचा जन्म पत्रांच्या ढिगाऱ्यातून सुटण्यासाठी काढलेल्या वाटेतून झाला.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. गीतमालेच्या वार्षिक अव्वल गाण्यांची यादी जिथे कुठे छापली जाते, तिथे पहिली ओळ १९५३ सालची असते. चित्रपट 'अनारकली', गायिका लता मंगेशकर, गीतकार राजेंद्र कृष्ण, गाणे 'ये ज़िंदगी उसी की है'. आणि संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबा. तेच पुणतांबा, जिथे चांगदेवांची समाधी आहे आणि जिथून २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी पडली. दौंड-मनमाड लोहमार्गावर श्रीरामपूर सोडले की चितळी लागते आणि मग पुणतांबा. चितळकर हे आडनाव आमच्याकडे सगळेजण त्या चितळीशीच जोडतात.

आम्हा नगरकरांना याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण वही समोर ठेवून विचार केला तर एक प्रश्न उभा राहतो. १९५३ साली आठवड्याची पायऱ्यांची उतरंड अजून सुरूच व्हायची होती. मग 'अनारकली'चे गाणे किती आठवडे पहिले होते, या प्रश्नाला अर्थच राहत नाही. शिखर आहे, पण त्याखालच्या पायऱ्या मोजलेल्या नाहीत. आणखी एक पाऊल मागे जाऊ. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' आला १९५१ साली. त्यातली गाणी गल्लोगल्ली वाजली, लग्नाच्या वरातीत वाजली आणि अजूनही वाजतात. पण गीतमालेच्या विक्रमांच्या यादीत 'अलबेला' नाही, कारण तेव्हा गीतमालाच नव्हती. त्यांची चाल असलेले 'ऐ मेरे वतन के लोगो' २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लतादीदींनी गायले. ते तर चित्रपटातले गाणेच नव्हते. चित्रपटगीतांच्या शिडीवर ते कुठे उभे करणार? एकाच माणसाची तीन कामे. एक मोजपट्टीच्या आत आले, एक तिच्या आधी आले आणि एक तिच्या बाहेर राहिले. तिन्ही लोकांच्या ओठांवर सारखीच राहिली.

पुणतांब्याचा हा धागा मला एवढा जवळचा का वाटतो, याचे कारण घरातले आहे. माझ्या आजीचे माहेर पुणतांब्याचे. रेडिओवर सी. रामचंद्रांचे नाव आले की ती हातातले काम थांबवून म्हणायची, "आमच्या गावचा पोरगा हाय तो." जणू काही कालच शेजारच्या ओट्यावर खेळत होता! तिचा हा अभिमान माझ्या एका चुकीच्या मधोमध कसा आला, ते सांगतो.

हिट परेड सुरू झाली तेव्हा क्रम ठरायचा तो मुख्यतः रेकॉर्डच्या विक्रीवर. देशभरातल्या निवडक विक्रेत्यांकडून दर आठवड्याला आकडे मागवले जात. वरवर पाहता हा चोख हिशेब वाटतो. पण दुकानदारीतल्या माणसाला यातली मेख चटकन कळेल. एखादी रेकॉर्ड इतकी खपली की दुकानातला साठा संपला, तर पुढच्या आठवड्यात तिची विक्री शून्य! लोकांना गाणे हवे आहे, पण रेकॉर्डच नाही, म्हणून गाणे खाली उतरते. उलट बाजूही होती. एखाद्या निर्मात्याने आपल्याच गाण्याच्या रेकॉर्ड घाऊक विकत घेतल्या तर? म्हणून विक्रीच्या जोडीला श्रोत्यांची मतेही घेतली जाऊ लागली. त्यासाठी गावोगावी श्रोता संघ निघाले. झुमरीतलैयाचे नाव तर सगळ्या देशाला पाठ झाले. अशा शेकडो संघांपैकी एक, अगदी छोटा, आमच्या आळीतही होता.

हा संघ माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, त्यांनी काढलेला. त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकानात व्हॉल्व्हचा रेडिओ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली जाळीची एरियल, आणि टेबलाच्या खणात संघाचा रबरी शिक्का. बुधवारी रात्री आठला दुकानाची एक फळी उघडी ठेवून आम्ही दहा-बाराजण आत बसायचो. लघुलहरींचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. मधेच एखाद्या पायदानाचे नाव खरखरीत बुडून जाई आणि मग ते कोणते गाणे होते यावर भांडण. मी आठवीत होतो, अक्षर बरे होते, म्हणून दर आठवड्याची यादी वहीत उतरवणे आणि सभासदांची पसंती कार्डावर लिहून मुंबईला पाठवणे, ही दोन्ही कामे माझ्याकडे आली. कागदोपत्री आमचे सभासद होते तीस. दुकानात बसणारे दहा-बारा. बाकीचे कोण, हे आता सांगायला हरकत नाही. कुणाची आत्या, कुणाचा पाळण्यातला भाऊ, आणि माझी आजी.

ही गोष्ट १९७४ च्या हिवाळ्याची. बहात्तरच्या दुष्काळातून जिल्हा नुकता सावरत होता आणि महागाईने घरोघरी जीव काढला होता. त्या वर्षीचे माझे लाडके गाणे होते 'कोरा कागज'मधले किशोरकुमारांचे. त्याच सुमारास मनोजकुमारांचा 'रोटी कपडा और मकान' आला, आणि त्यातल्या महागाईच्या गाण्याने दुकानातली सगळी मोठी माणसे फितूर झाली. माझे गाणे खाली जाणार, या भीतीने मी एक उद्योग केला. जे सभासद कधीच येत नव्हते त्यांची मते मीच लिहून टाकली. आत्या, पाळण्यातला भाऊ, आजी, सगळे एका सुरात 'कोरा कागज'च्या बाजूने! हे मी दोन-तीन आठवडे केले.

इथे त्या नियमाकडे यायला हवे. गीतमालेत एखादे गाणे ठरावीक आठवडे यादीत टिकले की त्याला 'सरताज गीत' म्हणून मान दिला जाई. बिगूल वाजे, सयानीसाहेब त्याला सन्मानाने निरोप देत आणि ते गाणे पुढच्या आठवड्यापासून यादीतून बाहेर पडे. ही मर्यादा आधी अठरा आठवड्यांची होती, पुढे ती पंचवीस झाली. गाणे कितीही लोकप्रिय असो, कितीही रेकॉर्ड खपोत, कितीही पत्रे येवोत, मुदत भरली की निवृत्ती! सरकारी नोकरीसारखेच म्हणा ना. त्यामुळे पहिल्या क्रमांकावरचा मुक्काम लांबवून लांबवणार तरी किती? वर चढायला लागलेले आठवडे वजा केले की उरतील तेवढेच. आणि माझ्या उद्योगातला विनोद असा की, मी गाणे टिकवायला धडपडत होतो, आणि ते जितके टिकेल तितका त्याचा निरोपाचा दिवस जवळ येणार होता.

एका बुधवारी अण्णांनी कार्ड टाकण्याआधी वाचले. आजीच्या नावापुढचे गाणे पाहून ते हसले नाहीत. कार्ड घेऊन ते सरळ घरात आले. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. अण्णांनी विचारले, "आजी, तुला 'कोरा कागज'चं गाणं आवडतं?"

"कंचं?" आजी म्हणाली.

"हे तुझं मत आहे म्हणे. या बाबानं लिहिलंय."

आजीने माझ्याकडे पाहिले. मग पीठ लागलेल्या हाताने पदर सावरत म्हणाली, "मला कोन इचारतंय रं? इचारलंच हाय तर आमच्या गावच्या पोराचं लिव्हा. त्या अनारकलीतलं. तंबूत पायला व्हता त्यो शिनेमा."

मी म्हणालो, "आजी, ते गाणं नाही चालत. वीस वर्षं झाली त्याला. फक्त नवीन गाणी चालतात."

"मग माझं मत नवं न्हाई," असे म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली.

अण्णांनी मला एकच वाक्य ऐकवले, "नाव तिचं, मत तुझं, ही चोरी झाली." मग त्यांनी नवे कार्ड घेतले आणि आजीच्या नावापुढे तिने सांगितलेले गाणे स्वतःच्या हाताने लिहिले. मी म्हटले, हे मत बाद होईल. ते म्हणाले, "होऊ दे. बाद झालं तरी तिचं असेल." त्या आठवड्यापासून आमच्या संघाचे सभासद तीसाचे अकरा झाले. कार्ड पातळ दिसू लागले, पण अण्णांनी पुन्हा कधी ते फुगवू दिले नाही.

तो हिवाळा गेला. १९७४ चे वर्षाचे अव्वल गीत 'कोरा कागज'चे ठरले आणि १९७५ चे महागाईचे. बघा, 'रोटी कपडा और मकान' प्रदर्शित झाला १९७४ च्या ऑक्टोबरात. पण त्याच्या गाण्याचे खरे राज्य वर्ष उलटल्यावर सुरू झाले, म्हणून त्याच्या नावापुढे पंचाहत्तर लागले. 'नाम' चित्रपट १९८६ चा, पण पंकज उधास यांचे 'चिट्ठी आई है' अव्वल ठरले १९८७ चे. डिसेंबरची रेघ कुणाच्या चढत्या काळावर पडते आणि कुणाच्या उतरत्या, यावर वर्षाचा मान ठरतो. ज्या गाण्याचे वैभव या रेघेने दोन वर्षांत निम्मे निम्मे चिरले, ते कदाचित दोन्हीकडे मागे राहिले असेल. गाण्यात काही उणे नव्हते, उणे असलेच तर पंचांगात.

पंचवीस आठवड्यांचा हा आकडा आपल्याला चित्रपटगृहांमुळेही ओळखीचा आहे. रौप्यमहोत्सव तो हाच. दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. पण फरक पाहा. चित्रपटगृहात पंचवीस आठवडे झाले की उत्सव व्हायचा आणि खेळ पुढे चालू राहायचा. गीतमालेत पंचवीस आठवडे झाले की उत्सव व्हायचा आणि खेळ संपायचा. आकडा एकच, पण एका ठिकाणी ती सलामी होती आणि दुसऱ्या ठिकाणी निरोप.

आता नातवाच्या अमेरिकेकडे जाऊ. तिथली गोष्ट तर याहून बोलकी आहे. 'बिलबोर्ड' नावाच्या साप्ताहिकाची शंभर गाण्यांची यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून निघते. पुढची तेहेतीस वर्षे त्या यादीत एकाही गाण्याला दहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ पहिले राहता आले नाही. बीटल्सनाही नाही. त्या काळात रेकॉर्डची दुकाने काय खपते आहे ते फोनवर सांगत आणि रेडिओ केंद्रे काय वाजवतो ते कळवत. सांगणारा माणूस. तो नव्या मालाच्या उत्साहात जुन्या गाण्याला सहज खाली ढकलणार, आणि कधी कंपनीच्या माणसाचा शब्दही राखणार. १९९१ च्या अखेरीस पद्धत बदलली. दुकानात बारकोडवर मोजलेली प्रत्यक्ष विक्री आणि रेडिओवर यंत्राने टिपलेले प्रत्यक्ष प्रसारण धरले जाऊ लागले. लगेच १९९२ साली 'बॉईज टू मेन' या चमूचे एक गाणे तेरा आठवडे पहिले राहिले. पाठोपाठ व्हिटनी ह्यूस्टन चौदा आठवडे. १९९५-९६ मध्ये मरायाह कॅरी आणि बॉईज टू मेन यांचे गाणे सोळा आठवडे. लोकांना गाणी एकाएकी जास्त आवडायला लागली असे नव्हे. जुने गाणे लोक खरोखर किती दिवस विकत घेतात, हे पहिल्यांदाच कळले.

तरीही हिशेब पुरा झाला नव्हता. त्या यादीत येण्यासाठी गाण्याची सुटी रेकॉर्ड बाजारात असलीच पाहिजे, असा एक जुना नियम होता. कंपन्यांना मात्र लोकांनी एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यावा असे वाटे, म्हणून त्या सुटी रेकॉर्ड काढतच नसत. 'नो डाउट' या चमूचे 'डोन्ट स्पीक' १९९६-९७ मध्ये रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिले होते, आणि शंभर गाण्यांच्या मुख्य यादीत त्याचे नावच नव्हते! हा नियम डिसेंबर १९९८ मध्ये रद्द झाला. गाण्याला त्याचा काय उपयोग? त्याची वेळ टळून गेली होती. आमच्या 'अलबेला'सारखेच की.

आणि नातवाचे ते एकोणीस आठवड्यांचे गाणे? ते २०१९ सालचे, लिल नॅस एक्स या तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड'. त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, कधी या गायकासोबत, कधी त्या गायकासोबत. नियमाप्रमाणे त्या साऱ्या आवृत्त्या एकाच गाण्याच्या नावावर जमा झाल्या. यात लबाडी काही नाही. नियम सर्वांना ठाऊक होता. पण आवृत्त्या वेगळ्या मोजायच्या असे ठरले असते, तर तो विक्रम तसा झाला असता का, हे मी नातवाला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आबा, रेकॉर्ड गाण्याचा नाही, नियमाचा?" मी म्हटले, "दोघांचा मिळून."

इंग्लंडची कथा आपल्याला जास्त जवळची आहे. तिथली पहिली विक्रीवर आधारलेली यादी एका संगीत-साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली, म्हणजे आपल्या गीतमालेच्या आधी तीन आठवडेसुद्धा नाहीत. कार्यालयातल्या एका माणसाने वीसेक दुकानांना फोन लावून ती केली होती. पुढच्याच वर्षी फ्रँकी लेन यांचे एक गाणे, मधे मधे खाली उतरून का होईना, एकूण अठरा आठवडे पहिले राहिले. १९९१ साली ब्रायन अ‍ॅडम्स यांच्या गाण्याने सलग सोळा आठवडे ठाण मांडले. मग इंटरनेटवर गाणी ऐकण्याचा जमाना आला. विकत घेणारा माणूस एक रेकॉर्ड एकदाच घेतो, ऐकणारा तेच गाणे रोज ऐकतो, आणि प्रत्येक ऐकणे मोजले जाते. मार्च २०१७ मध्ये एड शीरन याचा नवा अल्बम निघाला आणि त्यातली सोळाच्या सोळा गाणी पहिल्या विसांत जाऊन बसली! इतरांना पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा जुलै २०१७ पासून नवा नियम आला. एका कलावंताची तीनच गाणी यादीत धरायची, आणि दहा आठवड्यांहून जुने गाणे सलग उतरणीला लागले की त्याच्या ऐकण्याचे वजन निम्मे करायचे.

हे वाचले तेव्हा मला अण्णांच्या दुकानातला बिगूल आठवला. नव्याला वाट मिळावी म्हणून जुन्याला बाजूला करायचे, ही गरज इंग्रजांना २०१७ साली जाणवली. आपल्याकडे ती कितीतरी आधी ओळखली गेली होती. फरक एवढाच की त्यांनी जुन्या गाण्याचे वजन गुपचूप कमी केले, आणि आपण त्याला सरताज म्हणून, वाजतगाजत वाटेला लावले. विक्रम मोजणाऱ्याला दोन्ही नियम अडचणीचेच. पण ऐकणाऱ्याला दुसरा जास्त माणुसकीचा वाटतो. पडून गेलेल्या गाण्यापेक्षा मानाने उठून गेलेले गाणे मनात जास्त टिकते.

गीतमालेने पुढे बरेच चढउतार पाहिले. रेडिओ सिलोनच्या लोकप्रियतेला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ऑल इंडिया रेडिओला स्वतःची विविध भारती सुरू करावी लागली होती. त्याच विविध भारतीवर १९८९ साली गीतमाला येऊन दाखल झाली. तोवर बिनाकाचे सिबाका झाले होते, रेडिओ सिलोनचे नाव श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झाले होते. १९९४ मध्ये ती मालिका थांबली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी गेले, तेव्हा गावोगावच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या वह्या बाहेर काढल्या असतील. मीही काढली होती.

यादी खोटी असते, असे मला म्हणायचे नाही. अठरा आठवडे असोत की एकोणीस, तो आकडा मोजूनच आलेला असतो. पण आकडा वाचताना त्याच्या मागचे चार प्रश्न विचारावेत. मोजले कुणी? काय मोजले, विक्री की पत्रे की ऐकणे? किती दिवस मोजू दिले? आणि कुणाला विचारलेच नाही? हे प्रश्न विचारले की दोन काळांतले, दोन देशांतले विक्रम एकमेकांशेजारी ठेवून भांडायची हौस आपोआप कमी होते. नातवाच्या एकोणीस आठवड्यांना आणि आमच्या सरताजांना एका फूटपट्टीने मोजता येणार नाही, कारण आमची फूटपट्टी पंचविसावर मुद्दाम कापलेली होती.

अण्णा आता नाहीत. आजी तर केव्हाच गेली. वहीतल्या त्या आठवड्याच्या पानावर सोळा पायदाने माझ्या अक्षरात आहेत, आणि समासात अण्णांच्या अक्षरात एक नोंद आहे: आजी, अनारकली, मत बाद. नातवाने ते पान पाहिले आणि विचारले, "बाद का?" मी त्याला नियम सांगितला. मग त्याने फोनवर ते गाणे लावले. आजीने ते पहिल्यांदा ऐकले त्याला सत्तर वर्षे होऊन गेली आहेत. गाणे संपल्यावर तो म्हणाला, "आबा, आता हे पण मोजलं गेलं."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)